फायबर घरोघरी न्यावं का?

प्रश्न : ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलं आहे. मोबाइलवर इंटरनेट चालतं, मग घरोघरी केबलचा खर्च कशाला?

उत्तर : काचेचा तंतू स्वस्त असतो, पैसा जातो तो चर खोदण्यात, मजुरीत आणि परवानग्यांत. म्हणून पाण्याच्या लाइनसाठी रस्ता उकरलेला असेल तेव्हाच डक्ट (केबल ओढायची नळी) टाकून घ्या, असा माझा आग्रह आहे. नीट पुरलेली केबल पंचवीस-तीस वर्षं टिकते. वेग वाढवायला फक्त दोन्ही टोकांची यंत्रं बदलावी लागतात. मोबाइल टॉवरलाही भरपूर वेग द्यायचा तर मागे फायबर लागतंच.

खरी दुखरी जागा देखभालीची. 2011 मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे 'भारतनेट' झालेल्या, ग्रामपंचायती फायबरने जोडण्याच्या योजनेत केबल बहुतेक सरळ रेषेत गेली. जेसीबीने एका जागी तोडली, की पलीकडची गावं बंद! 2023 च्या, सुमारे 1 लाख 39 हजार कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत रिंग रचना (एकीकडे तुटली तरी दुसरीकडून जोडणी चालू) आणि 10 वर्षांची देखभाल धरली आहे. हे फार आधी व्हायला हवं होतं.

शाळा, आरोग्य केंद्र, दूध संकलन केंद्र यांनी रोज वापर केला तरच हा खर्च वसूल होतो. ग्रामसभेत आधी एवढं विचारा : केबल तुटली तर कोण, किती तासांत जोडणार, आणि ते करारात लिहिलं आहे का?