आपत्कालीन वैद्यकाचे शिक्षण : एका पन्नाशीच्या निमित्ताने

अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात आपत्कालीन वैद्यकाचा जगातील पहिला निवासी अभ्यासक्रम १९७० साली सुरू झाला. २०२० मध्ये त्यास ५० वर्षे पूर्ण झाली. अशा प्रसंगी माजी विद्यार्थ्यांनी एकत्र यावे, गुरुजनांचा सत्कार करावा, ही रीत सर्वत्र आहे. परंतु पन्नाशीचे ते वर्ष करोनाच्या साथीचे ठरले. ज्या दारात उभे राहण्याचे शिक्षण या डॉक्टरांनी घेतले होते, त्याच दारात रुग्णांची रीघ लागली होती.

या शिक्षणापूर्वी त्या दारात कोण असे? बहुधा नुकताच पदवीधर झालेला तरुण, किंवा त्या दिवशी पाळी आलेला कोणत्याही शाखेचा डॉक्टर. १९६१ साली व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया येथे डॉ. जेम्स मिल्स व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी आपला खासगी व्यवसाय सोडून रुग्णालयाचा हा विभाग अहोरात्र सांभाळण्याचे ठरविले. तेथून विचारास चालना मिळाली. पुढे १९६६ मध्ये तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंविषयी अहवाल प्रसिद्ध केला. १९६५ या एका वर्षात अपघातांनी १,०७,००० अमेरिकनांचे प्राण घेतले होते. त्याच अहवालातील एक नोंद वाचकास थबकविते : देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका-सेवा अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारे लोक चालवीत. माणसाला आडवे नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच असे!

सिनसिनाटीचा पहिला विद्यार्थी एकच होता, डॉ. ब्रूस जॅनियाक. विषयाची मान्यता नाही, त्यात तयार झालेले अध्यापक नाहीत. अशा स्थितीत त्यांनी १९७२ मध्ये शिक्षण पुरे केले. १९७९ मध्ये हा विषय अमेरिकेत तेविसावी वैद्यकीय शाखा म्हणून मान्य झाला. एका विद्यार्थ्यावर नऊ वर्षे आधी खर्च करणाऱ्या त्या संस्थेच्या धैर्याचे आम्हांस कौतुक वाटते.

वेगळे शिक्षण हवेच कशाला, असा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीतही निघतो. इतर शाखांकडे रुग्ण बहुधा रोगाचे नाव घेऊन येतो. येथे तो केवळ तक्रार घेऊन येतो. आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. पावसाळ्यात, पहाटेच्या सुमारास शेतावरील मजुरास पोटदुखीसाठी आणले जाते. अंगावर जखम नाही, सूज नाही. शिक्षण नसलेला डॉक्टर पोटदुखीचे इंजेक्शन देऊन मोकळा होईल. शिकलेला डॉक्टर त्याच्या पापण्या मिटू लागल्या आहेत काय ते पाहील आणि विचारील, "रात्री जमिनीवर झोपला होतात का?" मण्यारीचा दंश अनेकदा दिसतही नाही, विषाने श्वसनाचे स्नायू मात्र लुळे पडत जातात. अशा वेळी श्वासनलिकेत नळी घालून कृत्रिम श्वास देणारा हात तत्काळ मिळाला, तर तो मजूर बहुधा वाचतो. हा हात ग्रंथ वाचून तयार होत नाही. अनुभवी डॉक्टर शेजारी उभा असताना, रात्रीमागून रात्री, तो तयार होतो.

भारतात भारतीय वैद्यक परिषदेने २००९ साली या शाखेस मान्यता दिली, म्हणजे अमेरिकेनंतर तीस वर्षांनी. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावू लागली. गाडी लवकर पोहोचू लागली, तशी दारातील डॉक्टराची जबाबदारी वाढली. देणगीदारांस यंत्रावर नाव कोरलेले दिसते, निवासी डॉक्टराच्या विद्यावेतनावर ते कोरता येत नाही. ही अडचण आम्ही जाणतो.

रुग्णांच्या नातेवाइकांसही या शिक्षणात वाटा आहे. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते घड्याळ पाहून लक्षात ठेवावे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न त्या वेळेविषयीच असतो. घरातील चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाकून आणावीत, रिकामी झालेलीसुद्धा.