मायाळू नर्स चांगली की हात बसलेली?

प्रश्न : माझी पुतणी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोर फार मायाळू. वॉर्डातल्या आजी-आजोबांना तिचा लगेच लळा लागतो. पण प्रात्यक्षिकात तिला गुण कमी पडतात. तिच्याच वर्गातली एक अबोल मुलगी मात्र भराभर कामं उरकते आणि पहिली येते. पुतणी रडवेली होऊन विचारते, "काकू, मग माया करून उपयोग काय?" मायेचा आणि कामातल्या कौशल्याचा खरंच काही संबंध असतो का? (एक वाचक भगिनी, सांगली)

उत्तर : तुमच्या पुतणीने एक गोष्ट गृहीत धरली आहे, आणि आपण सगळेच ती धरतो. गोड बोलणारी ती मायाळू, सफाईने सुई टोचणारी ती हुशार, अशी वाटणी आपण मनात करून ठेवलेली असते. रुग्णाच्या खाटेपाशी ही वाटणी टिकते का, ते रुग्णालाच विचारलेलं बरं.

तसं कुणी विचारलंही आहे. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया लार्सन यांनी १९८४ मध्ये कर्करोगाच्या रुग्णांपुढे नर्सच्या वागण्यातल्या अनेक गोष्टी ठेवल्या आणि आपली काळजी घेतली जातेय असं कशाकशामुळे वाटतं, त्याप्रमाणे क्रम लावायला सांगितला. इंजेक्शन-सलाईन नीट देता येणं, उपकरणं हाताळता येणं याला रुग्णांनी फार वरची जागा दिली. नर्सेसना विचारलं, तेव्हा त्यांनी ऐकून घेणं, धीर देणं यांना वर ठेवलं. हा फरक पुढच्या अनेक अभ्यासांतही दिसला. ज्याची शीर सापडत नाही आणि हात सुजून निळा पडला आहे, त्याला पहिल्याच खेपेला सुई बसवणारी बाई मायाळूच वाटणार. धीराचे शब्द त्यानंतर ऐकू येतात.

यावरून 'म्हणजे कौशल्य असलं की झालं' असं मात्र म्हणू नका. उलटी बाजूही तितकीच खरी आहे. ती दाखवायला अगदी साधं काम घेऊ, रक्तदाब मोजण्याचं.

बाह्यरुग्ण विभागात एक आजी जिना चढून, धापा टाकत येतात. खुर्ची नाही म्हणून तपासणीच्या उंच टेबलावर बसतात, पाय लोंबकळत. पदर सावरत सुनेची तक्रार सांगत असतात. विद्यार्थिनी पट्टा गुंडाळते, हवा भरते, आकडा लिहिते आणि म्हणते, "पुढे." हात सफाईने चालला, पण आकडा चुकीचा आला. रक्तदाब मोजण्याआधी माणसाने सुमारे पाच मिनिटं शांत बसलेलं असावं लागतं. पाठीला टेका हवा, पाय जमिनीला टेकलेले हवेत, हात आधारावर छातीच्या पातळीला हवा. मोजताना बोलायचं नसतं. आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झालेली चालत नाही. लघवी तुंबलेली असली तरी आकडा वर जातो. आता दुसरी विद्यार्थिनी घ्या. ती म्हणते, "आजी, दमलात ना? इथे टेकून बसा जरा. चहा घेऊन आलात का? लघवीला जाऊन यायचंय का?" पाहणाऱ्याला हा प्रेमळपणा वाटेल. प्रत्यक्षात तिने आकडा चुकण्याची चार-पाच कारणं दूर केलेली असतात. तिने लिहिलेल्या आकड्यावर डॉक्टर गोळी देतील ती योग्य असण्याची शक्यता जास्त. आजींना नको असलेली गोळी टळली, तर ती या विचारपुशीमुळे टळली.

म्हणजे या पेशातली माया ही मुख्यतः लक्ष देण्याची सवय असते. समोरच्या माणसाकडे लक्ष गेलं की काम अचूक होतं, आणि काम अचूक झालं की त्या माणसाला बरं वाटतं.

याचं सर्वात मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच पाशवी हल्ला झाला. मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या खाटेला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचं निधन झालं. मधली ४१ वर्षं त्यांना केईएमच्या परिचारिकांनी सांभाळलं, आणि त्यांतल्या बहुतेकींनी त्यांना धडधाकट असताना कधी पाहिलेलंही नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या परिचारिकांची मनापासून प्रशंसा केली. इतकी वर्षं खाटेवर असलेल्या या रुग्णाच्या अंगावर बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम नव्हती, हीसुद्धा तेव्हा नोंदली गेलेली गोष्ट आहे.

ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय, त्यांना यामागचे कष्ट ठाऊक असतील. अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. चादरीला सुरकुती चालत नाही. ओलं कापड अंगाखाली राहता कामा नये. माकडहाड, टाचा, खुबे रोज पाहावे लागतात. लाली दिसली तर बोटाने दाबून बघायचं. दाबल्यावर ती फिकी पडली नाही, तर आतली कातडी दुखावू लागली असं समजायचं. आपल्याकडच्या सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून ती जागा गरम किंवा घट्ट लागते का हेही तपासायचं. आहारात प्रथिनं कमी पडली तरी कातडी लवकर फुटते. हे सगळं ज्ञान आहे, शिकवावं लागतं. पण पहाटे तीनला उठून, धन्यवाद म्हणू न शकणाऱ्या माणसाची कूस बदलायला नुसतं ज्ञान पुरत नाही. केईएमच्या त्या बायकांपुढे आपण सगळ्यांनी हात जोडावेत.

आता तुमच्या पुतणीच्या गुणांकडे वळू. मायाळू असूनही तिचे गुण का कमी पडतात? पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात नर्स नवखेपणापासून निष्णात होईपर्यंत कोणत्या पायऱ्या चढते, ते मांडलं आहे. नवखी विद्यार्थिनी नियमांच्या आधारे काम करते. सलाईनची सुई लावताना तिचं सगळं चित्त 'आता कापूस, आता पट्टी, आता कोन' यात गुंतलेलं असतं. तेव्हा ती रुग्णाशी बोलायला गेली की एखादी पायरी सुटते आणि परीक्षक गुण कापतात. पायऱ्या धरून ठेवल्या तर रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहायचं राहतं. सायकल नवी शिकताना हँडल आणि रस्ता एकाच वेळी सांभाळता येत नाही, तसंच हे. हात बसला की नजर मोकळी होते. म्हणून ती अबोल मुलगीही कोरडी असेलच असं नाही. कदाचित ती अजून पायऱ्याच मोजत असेल.

परीक्षेची पद्धतही लक्षात घ्या. ओस्की नावाची परीक्षा रोनाल्ड हार्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये मांडली. आता ती आपल्याकडच्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमातही आहे. ठरावीक मिनिटांत एकेक काम करून दाखवायचं आणि परीक्षकाने यादीवर खुणा करायच्या. नाव सांगितलं, पडदा ओढला, परवानगी विचारली, यालाही गुण असतात. पण खूण करता येईल तेवढंच त्यात मोजलं जातं. चार दिवस जेवणाला नाही म्हणणाऱ्या आजोबांना पुतणीने दोन घास भरवले असतील, तर ते यादीत कुठे बसणार?

विद्यार्थ्यांची माया आणि कामगिरी बरोबरीने वाढते, असं सांगणारे अभ्यास बरेच आहेत. त्यांवर विसंबताना एक पाहावं. पुष्कळदा दोन्ही प्रश्नावल्या विद्यार्थीच स्वतःबद्दल भरतो. आत्मविश्वास असलेला मुलगा किंवा मुलगी दोन्हीकडे स्वतःला चांगलेच गुण देणार. खाटेवरच्या माणसाने आणि शिकवणाऱ्या सिस्टरने दिलेले गुण मला जास्त भरवशाचे वाटतात.

खरी काळजीची गोष्ट पुढेच आहे. माया जन्मजात असते आणि ती कायम राहते, हा समज बरोबर नाही. ब्रिटनमधल्या २००९ च्या एका अभ्यासात तिसऱ्या वर्षाच्या नर्सिंग विद्यार्थ्यांचे काळजीच्या वागणुकीचे गुण पहिल्या वर्षापेक्षा कमी निघाले. अमेरिकेतल्या २०१२ च्या अभ्यासात रुग्णांशी जास्त संबंध आलेल्या विद्यार्थ्यांची सहानुभूती घटलेली दिसली. मुलं वाईट झाली म्हणून हे होत नाही. वॉर्डात एकीकडे सगळ्यांचे टीपीआर (तापमान, नाडी, श्वास), दुसरीकडे सगळ्यांची औषधं, तिसरीकडे सगळी ड्रेसिंग अशी कामं वाटून दिली की विद्यार्थिनीला चाळीस तापमानं दिसतात, एक माणूस संपूर्ण दिसत नाही. शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयात जमिनीवर गाद्या घातलेल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हा निकष किती दूर आहे ते कळेल. त्या धावपळीत मुली सीनियर सिस्टरचं पाहून शिकतात. वरची सिस्टर रुग्णाला नावाने हाक मारत असेल तर त्याही मारतात. ती 'सात नंबर' म्हणत असेल तर त्याही तेच म्हणू लागतात.

तेव्हा पुतणीला सांगा, माया कमी करायची नाही. ज्या कामांत गुण गेले ती कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये पुतळ्यावर पुन्हा पुन्हा करायची, हात आपोआप चालेपर्यंत. करताना प्रत्येक पायरी रुग्णाला सांगितल्यासारखी मोठ्याने म्हणायची : "आजी, आता थंड लागेल, आता थोडं टोचेल." यात पायऱ्याही पाठ होतात आणि रुग्णाशी बोलणंही त्यातच होऊन जातं. शिक्षिकांकडून एकच रुग्ण सलग काही दिवस मागून घ्यायचा आणि त्याचा केअर प्लॅन स्वतः लिहायचा. आणि त्या अबोल मुलीशी जोडी जमवायची. शिरेचा अंदाज बोटाने कसा घ्यायचा हे ती पुतणीला दाखवेल. घाबरलेल्या रुग्णाचा हात सैल कसा करवायचा, हे तिला पुतणीकडून शिकता येईल. हात आखडलेला असला तर शीर सापडत नाही, हे तीही एव्हाना जाणत असेल.