रिकाम्या जागेची प्रतिभा : वैज्ञानिक शोधातील कल्पनाशक्ती

कल्पनाशक्ती कवीची आणि तर्कबुद्धी शास्त्रज्ञाची, अशी विभागणी साहित्यविचारात पुष्कळदा गृहीत धरली जाते. या गृहीतकाने विज्ञानावर अन्याय होतो, तसाच साहित्यावरही होतो. कारण कल्पना म्हणजे वास्तवापासून सुटका, असा संकुचित अर्थ त्यातून रूढ होतो. मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे.

१८६९ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलेव्ह यांनी तोवर ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये मुख्यतः अणुभारांच्या चढत्या क्रमाने मांडली. गुणधर्मांचे आवर्तन जेथे खंडित होई, तेथे क्रम ओढूनताणून न जुळवता त्यांनी काही जागा रिकाम्या ठेवल्या. १८७१ मध्ये अशा तीन जागांवरील अज्ञात मूलद्रव्यांचे गुणधर्म त्यांनी तपशीलवार वर्तवले आणि संस्कृतातील ‘एक’ हा शब्द योजून त्यांना एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनियम व एका-सिलिकॉन अशी नावे दिली. पुढे स्कँडियम (१८७९), गॅलियम (१८७५) व जर्मेनियम (१८८६) यांच्या शोधाने या जागा भरल्या. गॅलियमची घनता त्याच्या संशोधकाला प्रथम ४.७ आढळली होती. मेंडेलेव्ह यांचे भाकीत ५.९ च्या आसपासचे होते. नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजल्यावर ती ५.९ भरली.

येथे कल्पनेने नियमाचे उल्लंघन केलेले नाही. नियमावरील निष्ठेतूनच ती अदृष्टापर्यंत पोहोचली आहे. मात्र एवढ्याने शोध सिद्ध होत नाही. ईथर हे हायड्रोजनहूनही हलके मूलद्रव्य असावे, ही मेंडेलेव्ह यांचीच उत्तरकालीन कल्पना निराधार ठरली. दोन्ही कल्पनांमागे प्रतिभा एकच होती. निवाडा प्रयोगाने केला.

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त निर्मात्याची कारयित्री आणि आस्वादकाची भावयित्री असा प्रतिभेचा भेद केला आहे. हा भेद काव्यापुरता असला, तरी त्याचा विस्तार करून असे म्हणता येईल की, शोधासाठी या दोहोंचा संयोग अपरिहार्य असतो : एक रिकामी जागा निर्माण करते, दुसरी त्या जागेत काय बसते आणि काय बसत नाही हे पारखते. कवीलाही ही पारख चुकत नाही. कवितेतील प्रतिमा प्रयोगशाळेत पडताळता येत नसली, तरी कवितेच्या अंतर्गत संगतीत ती टिकावी लागते. म्हणून कवी आणि शास्त्रज्ञ यांच्यातील भेद कल्पनेच्या असण्यानसण्यात शोधण्याऐवजी, तिची कसोटी कोठे लागते यात शोधणे अधिक युक्त ठरेल.