पाण्याची वेळ बघून जा

बयो,

काल रात्री फोनवर बोलता बोलता तू गप्प झालीस, तेव्हाच माझ्या लक्षात आलं. मैत्रिणी हर्णैला जाऊन समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला बघणार आहेत. सगळ्यांना पोहता येतं, तुला येत नाही, आणि ते सांगायची तुला लाज वाटते. म्हणून ‘काम आहे’ असं सांगून घरी बसायचं तू ठरवते आहेस. तसं करू नकोस गं. जा तू, फक्त ताईचं थोडं ऐकून जा.

पोहता येत नाही हे लपवायचं नसतं. होडीत पाय ठेवायच्या आधी तांडेलाला सरळ सांग, तो तुला मधे बसवेल आणि उतरताना हात देईल. लाइफ जॅकेट बंदरावरच अंगात घाल आणि पट्टे आवळून घे. आमच्या अंजनवेलीत दर्यावर जन्म काढलेली माणसंही पाण्याला मान देऊनच वागतात, मग तू घाबरलीस तर त्यात कमीपणा कसला?

आता भरती-ओहोटीचं. इथले जुने लोक घड्याळाआधी तिथी बघतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. तिथून सहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा हा फरक कमी असतो. तुझ्यासारखीने भांगेचेच दिवस धरावेत. शेवटचा शब्द मात्र तांडेलाचा. पावसाळ्यात तर नावच काढू नकोस, थंडीत जा.

मी हे शिकले ते चुकून. लग्नाआधी आम्ही मुली सुवर्णदुर्गला गेलो होतो. अर्धा तास म्हणून तटावर चढलो आणि दीड तास रमलो. उतरताना गुडघाभर असलेलं पाणी परतताना कमरेला लागलं. एकीचा पाय खडकावरच्या कालवांनी चिरला. तांडेल हाका मारत होता आणि आम्हाला वाऱ्यात ऐकू येत नव्हतं. त्याने सांगितलेली वेळ आम्ही पाळली असती तर काहीच झालं नसतं. म्हणून सांगते, सपाता नकोत, मागे पट्टा असलेल्या सँडल घाल, आणि जीन्सऐवजी पटकन वाळणारी पँट.

आणखी एक, बायकांपुरतं. बेटावर आडोशाची सोय असेल असं धरून चालू नकोस. म्हणून पाणी न पिता उन्हात फिरणाऱ्या मुली मी पाहिल्यात, त्यांना मग चक्कर येते. हर्णैलाच आटपून घे आणि पाण्याची बाटली जवळ ठेव. पाळीचे दिवस असले तर एक पिशवी जास्तीची ने आणि सगळं परत घेऊन ये. तिथे कचरा उचलायला कोणी बसलेलं नाही.

दरवाजाशी पोचलीस की घाई करू नकोस. पायरीवर कासव कोरलंय, तटात मारुती आहे. आत झाडोरा माजलाय, गवतात जुनी टाकी आणि चौथरे लपलेत, म्हणून मळलेली वाट सोडू नकोस आणि ढासळलेल्या बुरुजावर फोटोसाठी चढू नकोस. हे बेट कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं होतं. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज एक झाले आणि तुळाजी आंग्र्यांच्या हातून ते गेलं. त्याच तुळाजींनी आपली अंजनवेलही सिद्दीकडून घेतली होती, म्हणजे तू परक्या जागी जात नाहीयेस. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात सुवर्णदुर्गही आहे. पण मला विचारशील तर थोडा वेळ मैत्रिणींपासून बाजूला हो आणि समुद्राकडच्या तटाजवळ एकटी बस. रस्ता नाही, गाडी नाही, फक्त वारा आणि लाट. संसाराच्या धबडग्यात आपल्याला असा अर्धा तास कोण देतं? तो घ्यायलाच तू जाते आहेस.

आणि माझं मनातलं सांगू? दोन दिवस आधी इकडे अंजनवेलीला ये. गोपाळगडाच्या खंदकाशी फिरू, टाळकेश्वराला जाऊन दीपस्तंभाजवळून खाडीचं तोंड बघू. तिथे उभी राहिलीस की पाणी कसं चढतं आणि कसं उतरतं ते तुझं तुलाच कळेल. मग धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतर आणि बुरोंडी, लाडघर, कर्दे, मुरूड करत हर्णै गाठ. फेरीबोटीत मी तुझ्याबरोबर असेन. पाण्याची पहिली भीती तिथेच मोडू.

मैत्रिणींना आजच फोन कर. ‘येते, पण मला पोहता येत नाही,’ एवढंच सांग. उतरताना त्यांच्यातलीच एखादी हात पुढे करेल. तो धर.

तुझी,
ताई