काजळी काढाल, पण ती आली कुठून?

डिझेल गाडी चढावर दमायला लागली, मागून काळा धूर निघाला आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, की गॅरेजमध्ये ठरलेलं निदान ऐकू येतं: ‘साहेब, ईजीआर चोकअप झालाय.’ माझ्या बीएस-४ गाडीचंही तेच झालं. खंबाटकीचा घाट सहज चढणारी गाडी दुसऱ्या गिअरवरही उठेना. ईजीआरचा व्हॉल्व्ह साफ करून घेतला, पिकअप परत आला आणि थोड्याच दिवसांत पहिले पाढे पंचावन्न.

दुसऱ्या मेकॅनिकने व्हॉल्व्हला हातच लावला नाही. त्याने टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा होज काढून उलटा धरला. आतून काळं तेल फरशीवर ठिबकलं. टर्बोचं सील गेलं होतं.

ईजीआर (एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन) इंजिनाचा थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडतो. त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. पण धुरात काजळी असते, हवेच्या वाटेवर तेलाची वाफ असते. दोन्ही एकत्र आली की डांबरासारखा थर बसतो. भाजी आणायला, मुलांना शाळेत सोडायला एवढीच गाडी फिरत असेल, तर इंजिन नीट तापत नाही आणि थर लवकर वाढतो. तरीही त्याला बराच काळ लागतो. साफ केल्यावर व्हॉल्व्ह लगेच पुन्हा भरला, तर टर्बो, गळका इंजेक्टर, तुंबलेला एअर फिल्टर किंवा ब्रीदर (इंजिनातली तेलाची वाफ बाहेर नेणारी नळी) तपासा.

म्हणून आधी स्कॅनर लावा. पी०४०१ हा कोड म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी, पी०४०२ म्हणजे जास्त. कोड फक्त लक्षण सांगतो. निसटलेल्या व्हॅक्यूम पाइपमुळेही पी०४०१ येऊ शकतो.

व्हॉल्व्ह साफ करायचाच, तर इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मोकळ्या हवेत बसा. हातमोजे, चष्मा, मास्क हवेतच. क्लीनरचा स्प्रे पेट घेतो, म्हणून जवळ विडी-सिगारेट नको. मोटरची बाजू वर धरा, म्हणजे द्राव तिच्यात उतरणार नाही. नायलॉनचा ब्रश वापरा. अडकलेली झडप स्क्रू ड्रायव्हरने रेटली, तर आतले दाते तुटू शकतात. मॅनिफोल्डच्या तोंडाला स्वच्छ फडकं लावा, नाहीतर काजळीच्या खपल्या थेट इंजिनात जातील. बसवण्याआधी ते फडकं आठवणीने काढा आणि गॅस्केट नवंच घाला. बऱ्याच गाड्यांत शेवटी स्कॅनरने व्हॉल्व्हचं लर्निंगही (उघड-मिटीच्या जागा गाडीच्या कंप्युटरला नव्याने शिकवणं) करावं लागतं. चालू डिझेल इंजिनाच्या हवेच्या पाइपात मात्र स्प्रे मारू नका. तो इंधनासारखाच जळतो आणि इंजिन बेफाम होऊ शकतं.

‘चकती टाकून ईजीआर बंद करू, कटकटच मिटेल,’ असं सांगणारेही भेटतील. ‘पीयूसी पास होते की,’ हा त्यांचा पुरावा. डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. ते वाढलेले असले तरी कागद मिळतो.

साफसफाईनंतर काही आठवड्यांनी इंटरकूलरचा होज एकदा उघडून पाहा. आत तेलाचा पुसटसा थर असतोच, त्याची चिंता नको. तेल निथळत असेल, तर पुढचा खर्च व्हॉल्व्हवर नाही, टर्बो आणि ब्रीदर तपासण्यावर करा.