एकोणीस मृत्यू आणि एक बाटली

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात (हे गाव आज पाकिस्तानात आहे) १०७ माणसांना प्लेगची लस टोचण्यात आली. पुढील काही दिवसांत त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला व ते सर्व दगावले. लोक टोचणीस बिचकू लागले.

ही लस मुंबईस परळच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती. तिचे जनक वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. तरीही लोकांच्या मनात संशय होताच, आणि त्यास निव्वळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या सरकारने १८९७ साली पुण्यात घरोघरी सैनिक घुसवून प्लेगचे रोगी शोधले, त्याच सरकारची माणसे आता सुई घेऊन दारात उभी होती. सुई वेगळी व सत्ता वेगळी, हे लोकांनी कशावरून ओळखावे?

मग लसच घातक होती काय? वाचकाने येथे क्षणभर थांबून स्वतः विचार करावा. त्या दिवशी अनेक बाट���्या वापरल्या गेल्या. परंतु दगावलेल्या १९ जणांना ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतील लस मिळाली होती. उरलेले ८८ जण सुखरूप राहिले. तेव्हा दोष लसीच्या तत्त्वात नसून त्या बाटलीत होता, एवढे निश्चित झाले.

धनुर्वाताचे जंतू तिच्यात शिरले कोठे, हा खरा प्रश्न. चौकशी मंडळाने परळकडे बोट दाखविले. लसीत कार्बॉलिक आम्ल घालणे सोडून हाफकिन उष्णतेने निर्जंतुकीकरण करीत, हा त्यांचा अपराध ठरला व त्यांना दूर करण्यात आले. म्हणजे अविश्वास दाखविणारांत खुद्द सरकारही होते! वास्तविक बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि त्याच चिमट्याने बूच काढले गेले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय ते परळलाच शिरले असते तर बाटलीत वाढून त्यांची दुर्गंधी सुटली असती. उघडताना तसा वास कोणास आला नव्हता.

हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो हे दाखविणारे रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञ यांनी १९०७ साली हा पुरावा जाहीरपणे मांडला. हाफकिन दोषमुक्त होऊन कलकत्त्यास कामावर परतले. परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली.