कुत्र्यासाठी पाळणाघर निवडताना

एकत्र कुटुंबात कुत्र्याच्या सोबतीचा प्रश्न सहसा उद्भवत नसे. घरी कोणी ना कोणी असेच, आणि बहुधा अंगणही असे. मुंबई, दिल्ली, बंगळूर यांसारख्या शहरांत मात्र अनेक सदनिकांना सकाळी कुलूप लागते आणि कुत्रे आठ-दहा तास बंद दाराआड एकटे राहते. या गरजेतून कुत्र्यांची पाळणाघरे निघाली. सकाळी कुत्रे तेथे सोडावयाचे आणि संध्याकाळी घरी आणावयाचे, अशी ही व्यवस्था असते. मूल घरी परतल्यावर दिवसभरात काय घडले ते थोडेफार सांगते; कुत्र्याला ते सांगता येत नाही. म्हणूनच त्याच्या वतीने पाहण्याचे आणि विचारण्याचे काम मालकाला आधीच करावे लागते.

पाळणाघर कोणासाठी?

प्रत्येक कुत्र्याला पाळणाघर मानवतेच असे नाही. पिल्लाला सवंगडी हवे असतात. परंतु वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर अनेक कुत्र्यांना अनोळखी कुत्र्यांचा घोळका नकोसा वाटू लागतो. हा स्वभावाचा दोष नव्हे. वृद्ध, आजारी किंवा भित्र्या कुत्र्यासाठी दुपारी एखाद्या ओळखीच्या माणसाने घरी येऊन त्याला फिरवून आणणे अधिक हिताचे असते. माजावर आलेल्या कुत्रीला तर पाळणाघरात पाठवूच नये.

रोगांपासून संरक्षण

जेथे अनेक कुत्री एकत्र येतात तेथे रोगही एकत्र येतात. पार्व्हो हा विषाणू १९७८ मध्ये ओळखला गेला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. रोगी कुत्र्याच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो, जमिनीत अनेक महिने टिकून राहतो आणि साध्या साबणाने नष्ट होत नाही; त्यासाठी ब्लीचिंगचे द्रावण वापरावे लागते. उलटी आणि रक्तमिश्रित जुलाब यांमुळे लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकते. पिल्लांच्या लसींची मालिका साधारणतः १६ आठवड्यांच्या वयापर्यंत चालते. ती पूर्ण होण्यापूर्वी पिल्लाला पाळणाघरात नेणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की उपाय जवळजवळ उरत नाही. म्हणून त्या लसीविषयी कोणतीही सवलत असू नये. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि तो माणसांनाही होतो. गोचिडांमुळे रक्तात शिरणारे रोग तर देशाच्या बहुतेक भागांत आढळतात.

यावरून एक सोपी कसोटी मिळते. जे पाळणाघर लसीकरणाचा दाखला मागते, अंगावरील गोचीड तपासते आणि खोकणाऱ्या कुत्र्याला दारातूनच परत पाठवते, तेच बहुधा विश्वासास पात्र असते. असा नकार मालकाला त्या दिवशी गैरसोयीचा वाटेल. परंतु इतर दिवशी त्याच नकारामुळे त्याच्या कुत्र्याचे रक्षण होत असते.

जागा आणि हवा

जागा पाहण्यासाठी पूर्वसूचना न देता, शक्यतो भर दुपारी जावे. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. त्याच्या अंगाचे तापमान साधारणतः १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०६ अंशांच्या आसपास गेले की जिवाला धोका निर्माण होतो. उत्तर भारतातील मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली अशी स्थिती लवकर ओढवते. पगसारख्या आखूड नाकाच्या आणि हिमालयातील दाट केसांच्या कुत्र्यांना हा धोका अधिक असतो. सावली, खेळती हवा, ताजे पाणी, न घसरणारी फरशी आणि दुहेरी फाटक या गोष्टी भिंतींवरील रंगीत चित्रांपेक्षा महत्त्वाच्या आहेत.

कुत्री दिवसभर बांधलेली दिसली तर तेथून परत फिरावे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या अथवा कोंडलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणारा मालकही त्याच कलमाखाली दोषी ठरतो.

सांभाळणारी माणसे

सर्वांत महत्त्वाचा भाग माणसांचा. एकाच माणसावर वीस-पंचवीस कुत्री सोपवलेली असतील तर भांडण वेळीच थांबवणे अशक्य होते. लहान व मोठ्या कुत्र्यांचे गट वेगळे असावेत आणि दुपारी सर्वांना शांत विश्रांती मिळावी. पुढचे पाय वाकवून मागचा भाग उंचावणारे कुत्रे खेळायला बोलावीत असते. अंग ताठ करून एकटक पाहणारे कुत्रे इशारा देत असते. वारंवार ओठ चाटणारे, तोंड फिरवणारे कुत्रे घाबरलेले असू शकते. हा फरक सांभाळणाऱ्याला ओळखता येतो का, हे थोडा वेळ उभे राहून पाहिले तरी कळते. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारणाऱ्याच्या हाती आपले कुत्रे सोपवू नये. माराच्या भीतीने कुत्रे गुरगुरणे सोडते आणि पुढे इशारा न देताच चावते. अडचणीच्या वेळी कोणत्या पशुवैद्याकडे नेणार, हेही आधीच विचारून ठेवावे.

पहिले काही दिवस

सुरुवातीला दोन-तीन तासच ठेवून पाहावे. संध्याकाळी कुत्रे दमलेले असणे स्वाभाविक आहे. परंतु ते जेवत नसेल, कोपऱ्यात दडत असेल, त्याचा आवाज बसला असेल किंवा अंगावर ओरखडे असतील, तर विचारणा करावी. दुसऱ्या आठवड्यातही फाटकाजवळ पोहोचताच ते शेपूट पायांत घालून मागे ओढू लागले, तर त्याने आपले मत दिले आहे असे समजावे. शुल्क भरलेले आहे, एवढ्या कारणासाठी त्या मताकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.